विश्लेषण : फोन जुना, ॲप नवे... मधली जोडणी कोण करते? ‘बॅकपोर्टिंग’ म्हणजे काय आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी?

नव्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले ॲप सात-आठ वर्षे जुन्या फोनवरही चालते. त्यामागे बरीच पडद्याआडची खटपट असते आणि ती कुठे तरी थांबते. कुठे थांबवायची, हे कोण ठरवते?

‘हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही’ हा संदेश घेऊन मोबाइलच्या दुकानात जाणारे ग्राहक छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेट परिसराला नवे नाहीत. फोन चालू आहे, बॅटरी टिकते, कॉल लागतो, मग ॲपलाच काय झाले, हा त्यांचा प्रश्न. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ म्हणजे ‘किटकॅट’ असलेल्या फोनची साथ सोडली, तेव्हा हाच प्रश्न जगभर विचारला गेला. किटकॅट २०१३ मध्ये आलेली. म्हणजे दशकभर व्हॉट्सॲप त्या फोनवर चालत राहिले. मात्र, त्याहून नव्या फोनला काही ॲप सरळ नकार देतात. एकाच फोनवर एक ॲप सुरळीत आणि दुसरे बंद, असे का होते?

उत्तराचा मोठा भाग ‘बॅकपोर्टिंग’ या तंत्रात आहे.

बॅकपोर्टिंग म्हणजे नेमके काय?

प्रोग्रामिंगच्या भाषा सतत बदलतात. पायथॉनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरमध्ये येते, जावाची दर सहा महिन्यांनी. प्रत्येक आवृत्तीत प्रोग्रामरचे काम हलके करणारे काही तरी नवे असते. पण ज्या यंत्रावर तो प्रोग्राम चालायचा, ते यंत्र जुनेच राहते. फोन असो, बँकेतला सर्व्हर असो की कारखान्यातला संगणक, त्याला भाषेची तीच आवृत्ती कळते जी त्यात आधीपासून बसवलेली आहे. अशा वेळी नव्या आवृत्तीतली सोय जुन्या आवृत्तीत आणून बसवणे, याला बॅकपोर्टिंग म्हणतात.

घरातल्या प्लगचे उदाहरण घ्या. तीन पिनांचा प्लग आहे आणि भिंतीत जुना दोन पिनांचा सॉकेट. बाजारातून अडॅप्टर आणला की मिक्सर सुरू होतो. पण अर्थिंग मिळाले का? नाही. ते भिंतीच्या आतल्या वायरिंगचे काम आहे आणि अडॅप्टर भिंतीत शिरत नाही.

भाषेतल्या नव्या सोयींचेही असेच तीन प्रकार पडतात. काही सोयी म्हणजे केवळ लिहिण्याची नवी, सुटसुटीत पद्धत. तीच गोष्ट जुन्या पद्धतीने लांबलचक लिहिता येते, त्यामुळे भाषांतर करून भागते. काही सोयी म्हणजे नवी हत्यारे, ती सोबत बांधून न्यावी लागतात. आणि काही सोयींसाठी भिंतच फोडावी लागते. तिथे अडॅप्टरचा उपयोग नसतो.

अँड्रॉइड फोनमध्ये हे कसे घडले?

मार्च २०१४ मध्ये जावाची आठवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत ‘लॅम्बडा’. ‘बटण दाबले की हे कर’ एवढे सांगायला आधी पाच-सहा ओळी लागत, लॅम्बडामुळे ते एका ओळीत होऊ लागले. अँड्रॉइडची बहुसंख्य ॲप त्या वेळी जावातच लिहिली जात होती. पण फोनमधल्या अँड्रॉइडला जावा ८ समजत नव्हती. प्रोग्रामरच्या हाती नवी भाषा, ग्राहकाच्या हाती जुना फोन, अशी कोंडी झाली.

ती सर्वांत आधी फोडली ती गुगलने नव्हे, तर फिनलंडच्या एस्को लुओन्टोला या प्रोग्रामरने. जावा ८ अधिकृतपणे येण्याआधीच, २०१३ मध्ये, त्याने ‘रेट्रोलॅम्बडा’ नावाचे साधन तयार केले. प्रोग्रामरने नव्या जावात लिहायचे, हे साधन तयार झालेला कोड उघडून त्यातल्या नव्या जागा जुन्या पद्धतीने पुन्हा लिहिणार. ते अँड्रॉइडसाठी म्हणून बनवलेलेही नव्हते. पण अँड्रॉइडवाल्यांनी ते उचलून धरले आणि काही वर्षे असंख्य ॲपचा गाडा या एका साधनावर चालला. गुगलने मधल्या काळात ‘जॅक’ नावाची स्वतःची वेगळी यंत्रणा आणून पाहिली, ती जमली नाही आणि मार्च २०१७ मध्ये गुंडाळली. ऑक्टोबर २०१७ मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ ३.० आला, तेव्हा हे भाषांतर गुगलच्या अधिकृत साधनांचाच भाग झाले.

या प्रक्रियेचे नाव गमतीचे आहे, ‘डीशुगरिंग’. म्हणजे साखर काढून घेणे. भाषेची ताकद न वाढवता केवळ लिहिणे-वाचणे गोड करणाऱ्या सोयींना पीटर लँडिन या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये ‘सिंटॅक्टिक शुगर’ म्हटले होते. ही वरची साखर झटकली की खाली जुनाच पदार्थ उरतो आणि तो जुन्या फोनला पचतो.

लॅम्बडा साखरेच्या जातीचा होता, म्हणून हे जमले. तारीख-वेळेचे तसे नव्हते. जावातली तारखेची जुनी व्यवस्था फार विचित्र. तिच्यात जानेवारीचा क्रमांक १ नसून ० असतो आणि वर्षे १९०० पासून मोजली जातात. म्हणजे २०२५ हे वर्ष तिच्या हिशेबात १२५. यावरून झालेल्या चुकांना गणती नाही. जावा ८ ने तारखेची व्यवस्था मुळापासून नवी केली, पण ती अँड्रॉइडमध्ये आली ती २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून. अँड्रॉइड ७ किंवा त्याआधीच्या फोनमध्ये ती नाहीच. मग जे नाही त्याचे भाषांतर कशात करणार?

त्यासाठी दुसरा मार्ग काढला गेला. २०२० च्या मे महिन्यात आलेल्या साधनांपासून या नव्या व्यवस्थेची एक प्रत ॲपच्या आतच बांधून देण्याची सोय झाली. जुन्या फोनवर ॲप गेले की ते स्वतःच्या शिदोरीतली प्रत वापरते. ॲपला जेवढा भाग लागतो तेवढाच बांधला जातो, पण वजन थोडे तरी वाढतेच. ज्या फोनची साठवण क्षमता १६ जीबी आहे आणि त्यातली निम्मी लग्नाच्या व्हिडिओंनी व्यापली आहे, त्याला हे वजन जाणवते. म्हणजे जुन्या फोनसाठी केलेल्या सोयीचा भार जुन्याच फोनवर पडतो.

अलीकडच्या फोनमध्ये गुगलने तिसरी वाट धरली आहे. अँड्रॉइडमध्ये ॲपचा कोड प्रत्यक्ष चालवणारा जो गाभा असतो, तो अँड्रॉइड १२ पासून प्ले स्टोअरच्या मार्गाने अपडेट करता येतो. फोन कंपनीच्या मोठ्या अपडेटची वाट पाहावी लागत नाही आणि जावाच्या नव्या सोयी थेट त्या गाभ्यातच पोहोचवता येतात. ही खरी भिंत फोडण्याची सोय. मात्र, अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनना ती मिळत नाही. त्यांच्यासाठी अजूनही अडॅप्टरच.

वाळूज, चिकलठाण्यात हा प्रश्न कसा दिसेल?

फोन तीन-चार वर्षांत बदलला जातो. कारखान्यातले यंत्र तसे बदलत नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या लघुउद्योगातील सीएनसी यंत्र किंवा चाचणीचे उपकरण समजा. त्याला जोडलेल्या संगणकावर विंडोज एक्सपी आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची साथ ८ एप्रिल २०१४ रोजी सोडली. पण यंत्राच्या कार्डचा ड्रायव्हर एक्सपीसाठीच लिहिलेला आहे आणि तो बनवणारी कंपनी आता नवा देत नाही. संगणक बदलायचा तर यंत्र थांबणार, यंत्र थांबले तर ऑर्डर थांबणार. म्हणून ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा शॉप फ्लोअरचा कायदा.

आता तिथे नुकताच इंजिनीअर झालेला तरुण रुजू होतो. यंत्रातून दर पाळीला निघणारे आकडे आपोआप नोंदवावेत, अशी त्याची इच्छा. कॉलेजात तो नवी पायथॉन शिकला आहे. एक्सपीवर चालणारी शेवटची पायथॉन मात्र ३.४. वाक्यात थेट आकडे गुंफण्याची ‘एफ-स्ट्रिंग’ ही त्याच्या रोजच्या वापरातली सोय डिसेंबर २०१६ च्या ३.६ आवृत्तीत आली. म्हणजे त्याच्या प्रोग्रामची पहिलीच ओळ तिथे अडखळणार. विंडोज ७ असेल तर परिस्थिती थोडी बरी. तिथे पायथॉन ३.८ पर्यंत जाता येते. पण त्या आवृत्तीची सुरक्षा अपडेटही ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली.

एफ-स्ट्रिंग जुन्या पायथॉनमध्ये नेण्यासाठी कोणी तरी एक अफलातून युक्ती केली होती. पायथॉनच्या फाइलच्या सुरुवातीला ‘ही फाइल अमुक एन्कोडिंगमध्ये आहे’ असे लिहिता येते आणि पायथॉन त्यानुसार ती वाचते. ‘फ्यूचर-एफस्ट्रिंग्ज’ या पॅकेजने स्वतःचेच एक खोटे एन्कोडिंग तयार केले. फाइल ‘वाचण्याच्या’ निमित्ताने ते तिच्यातल्या एफ-स्ट्रिंग गुपचूप जुन्या पद्धतीत बदलून टाकते आणि पायथॉनला पत्ताही लागत नाही. युक्ती म्हणून दाद द्यावी अशीच. पण ज्या संगणकावर लाखोंचे यंत्र अवलंबून आहे तिथे ती वापरावी का, याचे उत्तर साधे आहे : वापरू नये. जुन्या संगणकाकडून केवळ आकड्यांची साधी फाइल घ्यावी आणि बाकीचा हिशेब शेजारच्या नव्या संगणकावर करावा. असे वेगळे करता येत असेल तर बॅकपोर्टिंगची गरजच उरत नाही.

जुन्या आणि नव्या भाषेतील फरक दर वेळी असा आरडाओरडा करून समोर येत नाही, हे त्याहून त्रासाचे. पायथॉन २ मध्ये ५ भागिले २ केले तर उत्तर २ येते, पायथॉन ३ मध्ये २.५. तीन पाळ्यांत मिळून ५०० नग निघाले तर पाळीची सरासरी एका संगणकावर १६६ आणि दुसऱ्यावर १६६.६७. कोणतीही चूक दाखवली जात नाही, प्रोग्राम थांबत नाही, फक्त अहवालातला आकडा वेगळा. पायथॉनच्या निर्मात्यांनी हे ओळखून ‘फ्यूचर’ नावाची सोय भाषेतच ठेवली. जुन्या पायथॉनमध्ये फाइलच्या वर एक ओळ लिहिली की त्या फाइलपुरता भागाकार उद्याच्या नियमाने होतो. भाषेने स्वतःहून केलेले हे बॅकपोर्टिंग. भागाकाराची ही सोय २००१ पासून होती, तरी कित्येकांनी ती ओळ लिहिलीच नाही.

महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग शिक्षणात हा प्रकार उलट्या बाजूनेही घडला आहे. सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये आले. पण त्याआधीच्या, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या आणि डॉससाठी बनवलेल्या ‘टर्बो सी++’ या निळ्या पडद्यावर राज्यातील कित्येक महाविद्यालयांची प्रात्यक्षिके पुढे वर्षानुवर्षे होत राहिली. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ने ज्या पिढ्यांना सी शिकवली, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात याच निळ्या पडद्यावर झाली. नव्या विंडोजवर टर्बो सी++ चालेना, तेव्हा ‘डॉसबॉक्स’ लावून नव्या संगणकात जुना संगणक उभा करण्यात आला. भाषा पुढे गेली होती. यंत्रही पुढे गेले होते. मागे राहिली होती ती जर्नलमधली प्रात्यक्षिकांची यादी.

सगळेच मागे नेता येते का?

नाही. सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ मधले ‘व्हर्च्युअल थ्रेड’ हे ठळक उदाहरण. एकाच सर्व्हरवर हजारो कामे एकाच वेळी हलक्या हाताने पेलण्याची ही सोय. त्यासाठी जावा चालवणाऱ्या यंत्रणेच्या पोटातच बदल करावे लागले. जावा ८ वर चालणाऱ्या जुन्या सर्व्हरवर ती भाषांतराने नेता येत नाही, शिदोरीत बांधूनही नेता येत नाही. हवी असेल तर आवृत्ती बदला, एवढाच मार्ग.

भाषेबाहेरचे, पण याच जातीचे एक उदाहरण जुन्या फोनवाल्यांनी जवळून अनुभवले असते. वेबसाइट खरी आहे की बनावट, हे फोन आपल्यातल्या विश्वासू संस्थांच्या यादीवरून ठरवतो. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था लाखो वेबसाइटना मोफत सुरक्षा प्रमाणपत्रे देते. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमधील यादीत आपले नाव नाही, त्यामुळे २०२१ मध्ये या फोनवर अनेक वेबसाइट उघडणार नाहीत, असा इशारा तिने नोव्हेंबर २०२० मध्ये दिला. तेव्हा जगातले ३३.८ टक्के अँड्रॉइड फोन त्यात मोडत होते. पुढे एका जुन्या, यादीत असलेल्या संस्थेची सही मिळवून हे संकट २०२४ पर्यंत ढकलण्यात आले. त्या इशाऱ्यात एक सल्ला होता : फायरफॉक्स वापरा. कारण हा ब्राउझर फोनच्या यादीवर विसंबत नाही, स्वतःची यादी सोबत आणतो. पुन्हा तीच शिदोरी.

यात धोका कोणता?

वेबसाइटच्या जगात या शिदोरीला ‘पॉलिफिल’ म्हणतात. ब्रिटिश वेब डेव्हलपर रेमी शार्प याने हा शब्द रूढ केला. ब्रिटनमध्ये भिंतीच्या भेगा बुजवायला ‘पॉलिफिला’ नावाची लांबी मिळते, त्यावरून. जुन्या ब्राउझरमध्ये जिथे भेग असेल तिथे हा कोड भरायचा. इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात याशिवाय गत्यंतर नव्हते.

प्रत्येकाने आपापली लांबी कालवण्यापेक्षा एकाच ठिकाणाहून तयार मागवावी, म्हणून ‘पॉलिफिल डॉट आयओ’ ही मोफत सेवा सुरू झाली. वेबसाइटवाल्यांनी आपल्या पानात एक ओळ टाकायची, बाकी ती सेवा पाहून घेणार. वाचकाचा ब्राउझर जुना असेल तर लागेल तेवढा कोड पाठवणार. जगभरातल्या एक लाखाहून अधिक वेबसाइटवर ही ओळ होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये या सेवेचे डोमेन ‘फनल’ नावाच्या एका चिनी कंपनीने विकत घेतले. मूळ सेवा उभी करणाऱ्या अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच सांगितले की, ही ओळ ताबडतोब काढा. आजच्या ब्राउझरना या सेवेतल्या कशाचीच गरज उरलेली नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. फार थोड्यांनी ऐकले. २५ जून २०२४ रोजी ‘सॅनसेक’ या सुरक्षा कंपनीने उघड केले की, त्या डोमेनवरून आता घातक कोड येत आहे. तो केवळ मोबाइलवरच्या वाचकांना लक्ष्य करत होता. ठरावीक फोन, ठरावीक वेळ पाहून तो वाचकाला सट्टेबाजीच्या साइटवर ढकलत होता. वेबसाइटचा व्यवस्थापक पाहतो आहे अशी शंका आली तर गप्प बसत होता. दोनच दिवसांत ते डोमेन बंद पाडण्यात आले. क्लाउडफ्लेअरने आपल्या ग्राहकांच्या पानांतली ती ओळ आपल्या सुरक्षित प्रतीकडे वळवली.

जुन्या ब्राउझरच्या सोयीसाठी टाकलेली ओळ, जुने ब्राउझर गेल्यावरही तशीच राहिली. तिचा फटका बसला तो नवा फोन वापरणाऱ्यांनाही. भिंत कधीच नवी झाली होती, लांबी मात्र बाहेरून येतच होती आणि पिशवीत काय आहे हे कोणी पाहत नव्हते.

असाच, पण कोणाचा वाईट हेतू नसलेला प्रकार पायथॉनमध्येही झाला. ‘इनम’ ही सोय पायथॉन ३.४ मध्ये आली. जुन्या आवृत्तींसाठी तिचे ‘इनम३४’ हे बॅकपोर्ट तयार झाले आणि असंख्य प्रोग्रामनी ते वापरले. पुढे पायथॉन ३.६ मध्ये मूळ सोय वाढवण्यात आली. ज्या संगणकावर पायथॉन नवी, पण हे जुने बॅकपोर्ट तसेच पडून होते, तिथे पायथॉन मूळ इनमऐवजी तेच उचलू लागली. त्यात नवे भाग नव्हते. परिणामी ज्याचा इनमशी वरवर काहीच संबंध दिसत नाही, असा मजकूर शोधण्याचा भाग कोसळू लागला. पडद्यावर येणाऱ्या चुकीवरून खरे कारण ओळखणे अवघड. उपाय मात्र एका ओळीचा, ते जुने पॅकेज काढून टाका.

मग हा खर्च कोण उचलते?

बहुतेक वेळा असे लोक, ज्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये जावातल्या ‘लॉग४जे’ या नोंदी ठेवणाऱ्या साधनात गंभीर त्रुटी सापडली. बँका, विमा कंपन्या, सरकारी यंत्रणा सगळीकडे ते बसवलेले. दुरुस्तीची आवृत्ती आली, पण तिला जावा ८ हवी होती. तोवर जावा ७ आणि अगदी जावा ६ वर अडकलेल्या यंत्रणांचे काय? अपाची फाउंडेशनच्या छायेत काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी वर्षाच्या शेवटच्या त्या दोन-तीन आठवड्यांत नवी दुरुस्ती तर केलीच, शिवाय तीच जावा ७ साठी २.१२.२ आणि जावा ६ साठी २.३.१ या वेगळ्या आवृत्तींत मागे नेऊन दिली. आवृत्ती न बदलणाऱ्या मोठ्या संस्थांचा भार मूठभर स्वयंसेवकांनी नाताळाच्या सुट्टीत वाहिला.

पायथॉनच्या निर्मात्यांनी म्हणूनच कधी तरी ‘पुरे’ म्हणायचे ठरवले. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्ये आली. सुरुवातीला तिच्यातल्या बऱ्याच सोयी २.६ आणि २.७ मध्ये मागे आणून दिल्या गेल्या, लोकांना हळूहळू सरकता यावे म्हणून. पण लोक सरकेनात. जुन्या घरातच सगळे मिळत असेल तर नव्या घरी कोण जाईल? २०११ मध्ये एक अधिकृत दस्तऐवज काढून सांगण्यात आले की, पायथॉन २.८ कधीही येणार नाही. २.७ ला मुदत होती २०१५ ची, ती वाढवून २०२० करावी लागली. या काळात एक अपवाद मात्र त्यांनी मुद्दाम केला. इंटरनेटवरील सुरक्षित संवादाच्या सोयी पायथॉन ३.४ मधून २.७.९ मध्ये डिसेंबर २०१४ मध्ये मागे नेल्या. प्रोग्रामरच्या सोयीसाठी नाही म्हणायचे, वापरणाऱ्याच्या सुरक्षेसाठी हो म्हणायचे, ही रेषा योग्य होती. १ जानेवारी २०२० रोजी पायथॉन २ ची साथ संपली.

जुना फोन असलेल्यांचे काय?

व्हॉट्सॲपने साथ सोडली तर गैरसोय होते. शासनाच्या ॲपने सोडली तर प्रश्न वेगळा होतो. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲप सुरू झाले. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद सातबाऱ्यावर जायची. नुकसानभरपाईपासून पीककर्जापर्यंत ही नोंद विचारली जाते. अशा ॲपमध्ये नवी सोय आणताना कोणत्या जुन्या फोनना सोबत न्यायचे, हा केवळ तांत्रिक निर्णय राहत नाही. फोन घरातल्या मुलाकडून वडिलांकडे येतो, तेव्हाच तो चार-पाच वर्षांचा झालेला असतो.

प्रत्येक अँड्रॉइड ॲपमध्ये ‘किमान आवृत्ती’ नावाचा एक आकडा डेव्हलपर स्वतः लिहितो. त्याखालच्या फोनवर ॲप बसतच नाही. तो आकडा खाली ठेवायचा तर भाषांतर, शिदोरी, जुन्या फोनवर पुन्हा पुन्हा चाचणी हे सगळे आले, म्हणजेच वेळ आणि पैसा आला. वर ठेवायचा तर काम सोपे, सुरक्षा बरी, पण काही लोक गळतात. नवे ॲप सुरू करताना अँड्रॉइड स्टुडिओ डेव्हलपरला सांगतो की, ही आवृत्ती निवडलीत तर अंदाजे इतक्या टक्के फोनवर तुमचे ॲप चालेल. हा आकडा साऱ्या जगाचा असतो. कन्नड किंवा सोयगाव तालुक्यात कोणते फोन आहेत, हे त्यात दिसत नाही. सार्वजनिक कामाच्या ॲपसाठी निविदा काढतानाच किमान आवृत्ती आणि ती किती वर्षे सांभाळायची हे लिहून घेतले, तर हा निर्णय कंत्राटदाराच्या सोयीवर सुटणार नाही.

तोवर वापरणाऱ्याच्या हातात दोन गोष्टी आहेत. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात अँड्रॉइडची आवृत्ती दिसते. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर ‘या ॲपविषयी’मध्ये खाली त्याला लागणारी किमान आवृत्ती दिलेली असते. जुना फोन विकत घेताना किंवा घरातल्या कोणाला देताना हे दोन आकडे ताडून पाहणे मिनिटभराचे काम आहे. ॲप बसत नाही म्हणून त्याची जुनी फाइल कुठल्या तरी वेबसाइटवरून उतरवून देणारे दुकानदार आणि व्हिडिओ दोन्ही सापडतात. त्या फाइलमध्ये मूळ ॲपखेरीज आणखी काय भरले आहे, हे फोनच्या पडद्यावरून कळत नाही आणि बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप त्याच फोनमध्ये असते.